यूएनमधली नोकरी गेली, तर दाद कुठे मागायची?

कॉलेजात कधी एमयूएन केलंय? म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स. ब्लेझर चढवायचा, समोर देशाच्या नावाची पाटी ठेवायची आणि दोन दिवस ‘ऑनरेबल चेअर’ म्हणत जगाचे प्रश्न सोडवायचे. कुणाच्या वाट्याला फ्रान्स येतो, कुणाच्या वाट्याला केनिया. एक पाटी मात्र कुणाच्याच टेबलावर नसते, ती यूएनच्या कर्मचाऱ्याची. ठराव सहा भाषांत उतरवणारा, त्यासाठी पैशांची जुळवाजुळव करणारा आणि तंबू-औषधं घेऊन प्रत्यक्ष जागेवर पोचणारा हा माणूस आपल्या खेळात नसतोच.

२०२५ मध्ये तो बातमीत आला. १ मे, म्हणजे आपला महाराष्ट्र दिन आणि जगाचा कामगार दिन. त्या दिवशी जिनिव्हात यूएनच्या युरोपीय मुख्यालयासमोरच्या ‘प्लास दे नासिओं’ चौकात शेकडो कर्मचारी जमले. या चौकात एक पाय तुटलेली भली मोठी लाकडी खुर्ची उभी आहे. भूसुरुंगांनी ज्यांचे पाय नेले त्यांच्यासाठी १९९७ मध्ये ती उभारली गेली. एरवी इथे देशोदेशीचे लोक यूएनकडे गाऱ्हाणं घेऊन येतात. त्या दिवशी गाऱ्हाणं यूएनच्याच लोकांचं होतं. नोकऱ्या चालल्यात आणि आम्हाला कुणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

‘डॉलरमध्ये पगार घेणाऱ्यांचं काय ते दुःख’ असं मनात आलं असेल, तर तो मुद्दाही घेऊ. पण आधी हे नेमकं काय झालंय ते बघू.

वर्गणीवर चालणारं घर

यूएनला कर गोळा करता येत नाही. १९३ सदस्य देश वर्गणी भरतात, त्यावर घर चालतं. आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळासारखंच, फक्त इथे कुणी किती द्यायचं ते आधी ठरलेलं असतं. नियमित बजेटमध्ये अमेरिकेचा वाटा २२ टक्के, चीनचा सुमारे २० टक्के, भारताचा जेमतेम एक टक्का. म्हणजे दोन घरांनी पाकीट उशिरा दिलं की अख्खा मांडव अडकतो. आणि गेली काही वर्षं तसंच होतंय. मदतकार्यासाठी देश स्वखुशीने जो वेगळा निधी देतात, तो तर २०२५ मध्ये ट्रम्प सरकार आल्यावर झपाट्याने आटला.

मग कात्री चालली. जगभरातल्या आपत्तींमध्ये मदतीचा समन्वय करणाऱ्या ‘ओचा’ या कार्यालयाने एप्रिल २०२५ मध्ये २० टक्के मनुष्यबळ कमी करत असल्याचं कर्मचाऱ्यांना कळवलं. अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केल्यावर या संघटनेने २०२६-२७ चं बजेट २१ टक्क्यांनी कापून ४.२ अब्ज डॉलरवर आणलं. खुद्द यूएन सचिवालयात सरचिटणीस अँटोनिओ गुटेरेश यांनी मार्च २०२५ मध्ये ‘यूएन ८०’ नावाची फेररचना हाती घेतली. संघटनेला ८० वर्षं झाली म्हणून हे नाव. त्यात २०२६ चं बजेट सुमारे १५ टक्क्यांनी कमी करण्याचा आणि २,६८१ पदं रद्द करण्याचा प्रस्ताव होता. डिसेंबर २०२५ च्या शेवटी आमसभेने २०२६ साठी सुमारे ३.४५ अब्ज डॉलर मंजूर केले. आधीच्या वर्षी हा आकडा ३.७२ अब्ज होता.

या सगळ्यात एक गंमत आहे. ‘यूएन ८०’च्या कार्यगटाची धुरा गाय रायडर यांच्याकडे आहे. हे गृहस्थ मूळचे कामगार चळवळीतले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना महासंघाचे ते सरचिटणीस होते आणि नंतर २०१२ ते २०२२ अशी दहा वर्षं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे, म्हणजे आयएलओचे महासंचालक. ज्या माणसाने उभी हयात कामगारांच्या बाजूने बोलण्यात घालवली, त्याच्याच हाती आता कपातीची यादी. जुलै २०२५ मध्ये जिनिव्हातल्या यूएन कर्मचारी युनियनच्या सभेत गुटेरेश यांच्यावर अविश्वास व्यक्त करणारा ठराव मंजूर झाला. तो कायद्याने बंधनकारक नाही. सरचिटणिसाची खुर्ची त्याने हलत नाही. तरीही तो का करावा लागला, हे समजायला यूएनची नोकरी ही चीज मुळात काय आहे ते बघायला हवं.

कोर्ट आहे, पण दार बंद

समजा, तुम्ही पुण्यातल्या एखाद्या कंपनीत आहात आणि तुम्हाला बेकायदा काढलं. तुमच्याकडे कामगार आयुक्त आहेत, औद्योगिक न्यायालय आहे, फार तर हायकोर्ट आहे. वेळ लागेल, चपला झिजतील, पण दार ठोठावता येतं. आता समजा, तुम्ही दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयात किंवा न्यूयॉर्कमध्ये यूएन सचिवालयात आहात. नोकरीचा वाद झाला तर ना भारतातलं कोर्ट तुमचं ऐकेल, ना अमेरिकेतलं. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने यूएनला देशोदेशीच्या न्यायालयांपासून संरक्षण दिलंय. आपल्याकडे त्यासाठी १९४७ चा स्वतंत्र कायदाच आहे.

हे संरक्षण उगाच दिलेलं नाही. यूएनच्या सनदेतलं १०० वं कलम सांगतं की कर्मचाऱ्याने कुठल्याही सरकारकडून आदेश घ्यायचे नाहीत आणि सरकारांनीही ते देऊ नयेत. ज्या देशात ऑफिस आहे तिथल्या सरकारने पोलीस किंवा कोर्ट वापरून दबाव आणला, तर हे कलम कागदावरच राहील. म्हणून कुंपण घातलं. पण कुंपण घातलं की आतल्या माणसालाही बाहेर जाता येत नाही, ही त्यातली खरी गोम.

आपल्या जवळचं उदाहरण हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं. तिथे ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. ही संस्था यूएनचा भाग नाही, पण सरकारने याच १९४७ च्या कायद्याखाली तिलाही संरक्षण दिलंय. नोकरीवरून काढलेल्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २००३ मध्ये कोर्टाने सांगितलं की घटनेच्या १२ व्या कलमातल्या ‘राज्य’ या व्याख्येत ही संस्था बसत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध रिट याचिका चालणार नाही. संस्था भारतात, कर्मचारी भारतीय, पण घटनेने दिलेला तो मार्ग बंद.

बाहेरचं दार बंद, तर आत काहीतरी सोय हवीच. ती कशी झाली त्याची गोष्ट रंजक आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कम्युनिस्टांना शोधून काढण्याचं वारं होतं. सिनेटच्या समितीने यूएनमधल्या अमेरिकी कर्मचाऱ्यांना चौकशीला बोलावलं. काहींनी प्रश्नांची उत्तरं द्यायला नकार दिला, तेव्हा यूएननेच त्यांना कामावरून काढलं. हे कर्मचारी यूएनच्या स्वतःच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले आणि जिंकले. भरपाई द्यायची म्हटल्यावर अमेरिका अडून बसली. शेवटी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागवलं गेलं. १९५४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की आमसभेला ही भरपाई नाकारता येणार नाही. जगात स्वातंत्र्य आणि न्याय यांचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना दाद मागायला जागाच ठेवू नये, हे सनदेच्या हेतूशी विसंगत ठरेल, असा त्या मताचा रोख होता.

ते जुनं न्यायाधिकरण आता नाही. १ जुलै २००९ पासून नवी दोन पातळ्यांची व्यवस्था आली. प्रशासनाचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत फेरविचार मागायचा. तिथे काम झालं नाही तर न्यूयॉर्क, जिनिव्हा किंवा नैरोबीतल्या न्यायाधिकरणात जायचं आणि त्यावर अपील. वकिलाची फी परवडत नसेल तर एक कायदेसाहाय्य कार्यालय आहे. त्याला हातभार म्हणून कर्मचाऱ्यांच्या पगारातून ०.०५ टक्के रक्कम कापली जाते. ज्याला नको त्याला त्यातून बाहेर पडता येतं. थोडक्यात, एकाच्या वकिलासाठी सगळ्यांनी मिळून टाकलेली ही भिशी आहे.

युनियन आहे, मग ती करते काय?

यूएनमध्ये युनियन आहेत. कुठे त्यांना ‘स्टाफ युनियन’ म्हणतात, कुठे ‘स्टाफ असोसिएशन’. त्यांचे मिळून तीन महासंघही आहेत. पण गिरणी कामगारांच्या युनियनचं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते इथे जुळत नाही. गिरणीत समोर मालक असतो. यूएनमध्ये समोर बसतो तो प्रशासनाचा अधिकारी, आणि पैसे मात्र आमसभेतल्या देशांच्या हातात. पगार-भत्त्यांचं सूत्र १५ सदस्यांचा आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग बघतो. तिथे कर्मचारी महासंघांना म्हणणं मांडता येतं, मत देता येत नाही. म्हणजे सगळ्यांशी बोलायचं आणि कुणाच्याही हातात सगळं नाही, अशी अवस्था.

तरी संघटित राहिल्याने फरक पडतो. कसा, ते जिनिव्हाच्या पगाराच्या भांडणात दिसलं. २०१७ मध्ये या आयोगाने राहणीमानाचा खर्च नव्याने मोजून जिनिव्हातल्या अधिकाऱ्यांचे पगार कमी करायचं ठरवलं. जगातल्या सगळ्यात महागड्या शहरांपैकी हे एक, त्यामुळे कर्मचारी चिडले. मार्च २०१८ मध्ये तिथे कामबंद आंदोलन झालं. पण निकाल रस्त्यावर लागला नाही, तो कागदांवर लागला. आयएलओचं एक वेगळं प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. त्याची मुळं १९२७ मधली, राष्ट्रसंघाच्या काळातली. आयएलओ, जागतिक आरोग्य संघटना अशा अनेक संस्थांचे कर्मचारी तिथे जातात. जुलै २०१९ मध्ये या न्यायाधिकरणाने सांगितलं की असा निर्णय स्वतःहून घेण्याचा अधिकारच आयोगाला नव्हता. कपात रद्द.

यूएन सचिवालयाचे कर्मचारी मात्र दुसऱ्या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतात आणि तिथे ते हरले. त्यामुळे एकाच शहरात, एकाच ट्रामने ऑफिसला जाणाऱ्या, एकाच दर्जाच्या दोघांना वेगवेगळा पगार अशी परिस्थिती आली. शेवटी आमसभेने आयोगाच्या नियमावलीतच दुरुस्ती करून त्याचा अधिकार स्पष्ट केला. कर्मचारी एक डाव जिंकले, मग देशांनी खेळाचे नियमच बदलले. स्टाफ असोसिएशनची ताकद आणि मर्यादा एकाच प्रकरणात दिसायची असेल, तर ती इथे दिसते.

दाराबाहेर उभे असलेले

इथवर मी ‘कर्मचारी’ हा शब्द सरसकट वापरला. पण यूएनच्या भाषेत प्रत्येक काम करणारा माणूस कर्मचारी नसतो. कन्सल्टंट, कंत्राटदार, स्वयंसेवक, इंटर्न हे सगळे ‘नॉन-स्टाफ’. यूएनच्या संयुक्त तपासणी पथकाने २०१४ मध्ये यावर अहवाल दिला, तेव्हा संपूर्ण यूएन व्यवस्थेत काम करणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक या गटात होते. काम तेच, टेबल शेजारचं, कधी कधी वर्षानुवर्षं तिथेच. पण ते मघाचं न्यायाधिकरण यांच्यासाठी नाही. कंत्राटावरच्या माणसाचा वाद झाला तर लवाद. पेन्शन फंडात कर्मचाऱ्याचे ७.९ टक्के आणि संस्थेचे १५.८ टक्के जमा होतात, तिथे यांचं खातं नाही. २०२३ पासून यूएन सचिवालयात आई किंवा बाप कुणीही झालं तरी १६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, बाळाला जन्म देणाऱ्या आईला त्यावर आणखी १० आठवडे. खासगी कंपनीतल्या बापाला आपल्याकडे कायद्याने एकही दिवस मिळत नाही, त्या मानाने ही सुविधा भारीच. पण ती स्टाफसाठी.

आणि इंटर्न? मी स्वतः सध्या इंटर्न आहे, त्यामुळे हा भाग मी जरा जास्त बारकाईने वाचला. २०१५ मध्ये जिनिव्हात यूएनचा एक इंटर्न तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली. न्यूझीलंडचा २२ वर्षांचा मुलगा. बिनपगारी इंटर्नशिप आणि जिनिव्हाचं भाडं यांचा मेळ बसेना. प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी आपण हे ठरवून केलं, असं त्याने नंतर सांगितलं. पण प्रश्न खोटा नव्हता. आयएलओ इंटर्नना विद्यावेतन देतं, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० पासून ते सुरू केलं. यूएन सचिवालयाने अजून ते केलेलं नाही. म्हणजे बघा, लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या हुशार मुलीची निवड झाली, तरी न्यूयॉर्कमधले काही महिने तिने स्वतःच्या खर्चाने काढायचे. ज्यांच्या घरून पैसे येतात तेच तिथे टिकतात आणि तोच अनुभव पुढच्या नोकरीच्या अर्जात वरच्या ओळीत जातो. समान संधीच्या गप्पा जिथे सर्वांत जास्त होतात, तिथेच प्रवेशाचं पहिलं दार असं तिकीट लावून ठेवलंय.

‘एवढा पगार, मग रडता कशाला?’

आता तो सुरुवातीचा मुद्दा. यूएनच्या कायम किंवा मुदतीच्या कर्मचाऱ्याचा पगार चांगला असतो आणि बहुतेक देशांत त्यावर आयकर नसतो, हे खरं. ज्यांची छावणीतली शिधावाटप बंद पडली त्यांच्या दुःखापुढे जिनिव्हातल्या अधिकाऱ्याची तक्रार छोटी, हेही खरं. कपात अजिबात नको असं म्हणणंही अवघड आहे, कारण एकाच कामासाठी चार-चार कार्यालयं यूएनमध्ये आहेतच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. यूएनमधली मुदतीची नेमणूक नूतनीकरणाची कुठलीही हमी देत नाही, असं नियमातच लिहिलंय. परदेशात असाल तर व्हिसाही नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की मुलांची शाळा, घर, देश, सगळं एका दमात. आता अशा माणसाला एखाद्या देशाने साथीचे आकडे लपवल्याचा अहवाल लिहायचाय. किंवा एखाद्या बड्या वर्गणीदार देशाच्या मित्राने शाळेवर बॉम्ब टाकल्याची नोंद करायचीय. त्याचं कंत्राट दोन महिन्यांनी संपणार आहे. तो काय लिहील? १९५० च्या दशकातल्या त्या कर्मचाऱ्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, त्यासाठी नोकरी घालवली. त्यांच्या पाठीशी निदान एक न्यायाधिकरण होतं. आज कंत्राटावरच्या माणसाच्या पाठीशी तेही नाही.

म्हणून हा प्रश्न फक्त त्यांच्या पगाराचा नाही. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला, तो घरोघरी डोस पाजणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांमुळे आणि त्यांच्यासोबत प्रत्येक संशयित रुग्णाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे. त्या यंत्रणेत जागतिक आरोग्य संघटनेचे लोक होते. अशा नोंदी न घाबरता होणं आपल्याच गरजेचं आहे.

यात मुंबईचाही एक धागा आहे. आयएलओची स्थापना १९१९ ची. त्याच वर्षी वॉशिंग्टनला तिची पहिली परिषद झाली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते ना. म. जोशी. लोअर परळला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, तेच. त्यांना सरकारने नेमलं होतं. आपला प्रतिनिधी आपणच ठरवायला हवा, या गरजेतूनही पुढच्या वर्षी मुंबईत ‘आयटक’ उभी राहिली. जागतिक संस्थेच्या टेबलावर खुर्ची मिळवायची तर आधी घरी संघटना लागते, हे तेव्हाच्या कामगारांना नेमकं कळलं होतं.

तेव्हा यूएन, जागतिक बँक किंवा अशा कुठल्याही संस्थेत जायचं स्वप्न असेल तर ते जरूर ठेवा. फक्त ऑफर लेटर आलं की पगाराच्या आकड्यावर थांबू नका. नेमणूक ‘स्टाफ’ म्हणून आहे की कन्सल्टंट म्हणून, ते बघा. मुदत किती, आजारपणाचा विमा कोण भरतं आणि वाद झाला तर तो कुठे जातो, हे लेखी विचारा. तिथे स्टाफ असोसिएशन आहे का आणि कंत्राटावरच्यांना तिचं सदस्य होता येतं का, हेही विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तरी नोकरी घ्यायला हरकत नाही. पण सही करताना ते माहीत असू द्या.